भिंतीवरची भोपळ्याची फुलं

"आजचं तर कालच्याहून छान आहे हं... थँक्यू!"

तिच्या हातातली झारी कलंडली आणि पाणी चपलांवर सांडलं. शेजारच्या घरात नुकताच राहायला आलेला घड्याळजी भिंतीपलीकडून हसत होता. कशाबद्दल थँक्यू, हे विचारायच्या आत स्वारी लाजून आत पसार!

"मावशी, शेजारच्याचा स्क्रू जरा... सैल आहे का गं?"

"असेल बाई. दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसायचं म्हणजे..." मावशी म्हणाली.

उन्हाळा चढत गेला. शाळेचे गणवेश शिवून मान आखडली की ती परसात येऊन बसायची. टोमॅटो लाल झाले, चवळी काठीवर चढली. पण तिचा जीव अडकला होता लाल भोपळ्यात. आणि वेल तर महाहट्टी! लिंबाएवढे भोपळे दिसायचे, पिवळे पडायचे, गळायचे. खत झालं, राख झाली... ढिम्म नाही. घड्याळजी मात्र रोज भिंतीशी हजर.

"कालचं मी दुकानात नेलं."

"काय नेलं?"

"तुम्हाला माहितीये की!" आणि कान लालबुंद.

तिच्या डोक्यात काही म्हणता काही शिरेना. त्या दोन वाक्यांसाठी आपण हल्ली नीट वेणी घालून झाडांना पाणी घालतो, ते का, हेही कळेना.

एका सकाळी मावशी परसात आली आणि ओरडलीच, "अगं, हे काय करतेस?"

"बिनकामाची फुलं खुडतेय. ज्यांच्या मागे भोपळा नाही ती. उगीच वेलाची ताकद खातात." तिनं फूल नेहमीसारखं भिंतीवर टाकलं. नंतर कचऱ्यात जायचंच होतं; रोजचं फूल जातं कुठे, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"नर फुलं आहेत ती! त्यांचा पराग लागल्याशिवाय भोपळा धरेल कसा? हातानं लावलास तर हमखास धरेल. शिवणारी ना तू? मशीनमधला दोरा काढून ठेवतेस आणि टाका पडत नाही म्हणून रडतेस!"

तिनं कपाळावर हात मारला. मग भिंतीकडे पाहिलं. फूल गायब होतं, आणि समोरच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासात पिवळंधमक उभं होतं. आत्ता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा!

दुसऱ्या दिवशी भिंत रिकामी. तो बराच वेळ उभा राहिला.

"आज... नाही? माझं काही चुकलं का?"

थाप मारता आली असती. पण तो स्वभाव कुठे होता तिचा?

"तुम्हाला देत नव्हतेच मी ती. टाकायची म्हणून ठेवायचे."

"अच्छा... मीच आपला वेडा," तो हसला, आणि खिडकी लावून घेतली. ती तीन दिवस उघडली नाही.

बरं झालं, गैरसमज मिटला, असं तिनं स्वतःला बजावलं आणि एका सदऱ्याची कॉलर दोनदा उलटी जोडली. तो हवाय आपल्याला, की नुसती सवय झालीये? छे, काही कळत नव्हतं.

"मावशी, आता भोपळा धरेल ना?"

"धरेल की."

"मग मला रडू का येतंय?"

चौथ्या दिवशी वेलावर एक मादी फूल उमललं होतं. नर फूलही एकच. ऊन तापलं की दोन्ही मिटणार. तिनं नर फूल खुडलं, पाकळ्या ओरबाडून पराग लावायचा म्हणून मादी फुलाशी वाकली... आणि थांबली.

"अहो घड्याळजी!"

तो आला तो अर्ध्या गालाला साबण लावलेला. तिनं फूल पुढे केलं.

"टाकायचंय का? द्या, टाकतो मी."

"टाकायचं नाहीये. आज हे एकच होतं, आणि भोपळ्याला हवं होतं. तरी तुम्हाला देतेय."

"मग तो... भोपळा?"

"गळेल. गळू दे! तुम्ही खिडकी लावून घेतलीत की मला करमत नाही. आवडता तुम्ही मला. कळलं?"

"नाही," फूल दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "परत एकदा सांगा."