लेतिपोची शीळ

सरोवराचं पाणी उंबऱ्याला टेकलं होतं, तरी नोलारीने चूल हलवली नव्हती. पारमातने होडी थेट तिच्या दाराशीच लावली. गेली काही वर्षं हे बारिंगो सरोवर नुसतं चढत होतं. शाळा, दवाखाना, काठावरचं पर्यटकांचं हॉटेल, सगळं त्याच्या पोटात गेलं आणि गाव मुकाट्याने टेकडीवर सरकलं. मागे राहिली एकटी ही, त्याची वहिनी.

"वहिनी, गाठोडी बांधलीत ना?"

"बांधलीत. चहा घेता?"

"आल्यावर घेतो. आज नाही म्हणायचं नाही हं. काल तुमच्या गोठ्यात मगर झोपली होती."

"झोपू दे की. घोरत तरी नव्हती, तुमच्या दादांसारखी." ती हसली आणि पाण्याकडे वळली. "भावजी, दिवस मावळेपर्यंत मी वाट बघणार. त्यांची शीळ आली नाही, तर बसते तुमच्या होडीत. मग पुन्हा नाव काढणार नाही."

लेतिपो, पारमातचा थोरला भाऊ, गेल्या पावसाच्या आधी सरोवरात गेला तो परतलाच नाही. होडी सापडली ती रिकामी, वल्हं आतच. रोज संध्याकाळी घराकडे वळला की तो शीळ घालायचा, दोन लांब, एक तुटकी आणि शेवट वर चढलेला. ती ऐकून नोलारी चहा टाकायची. उलट शीळ घालायचा तिनेही खूप प्रयत्न केला होता. पण लहानपणी जमातीच्या रीतीप्रमाणे तिचे खालचे पुढचे दोन दात काढलेले. त्या फटीतून नुसती फुस्स हवा जायची आणि लेतिपो होडीत लोळून लोळून हसायचा.

पारमातला भावाची शीळ हुबेहूब जमायची. भाऊ गेल्यापासून मात्र त्याने ती एकदाही ओठांवर आणली नव्हती. वहिनीला खोटी आशा लावून त्या पडक्या दारात बसवून ठेवायचं पाप त्याला नको होतं. आज ती निघतेय म्हणून त्याच्या जिवात जीव आला होता.

दुपारी होडीत नैरोबीचा पर्यटक मुतुआ होता, गळ्यात हा भला मोठा कॅमेरा. पाणघोडे झाले, मगरी झाल्या, बेटावरचे गरम पाण्याचे झरेही झाले. राहिला होता तो गरुड. पारमातने चिलापी मासा उघडला, पोटात अंबाच नावाच्या झाडाचं हलकं लाकूड खुपसलं आणि जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने पोट बांधून टाकलं. असा मासा बुडत नाही. तो पांढरा होऊन तरंगत राहतो, होडीवाला शीळ घालतो आणि गरुड झेप घेतो. या काठाचा सगळा धंदा त्यावरच चालायचा.

बुडालेल्या हॉटेलचं पत्र्याचं छप्पर तेवढं पाण्यावर होतं. त्याच्याजवळ एका वाळलेल्या बाभळीवर गरुड बसला होता. पारमातने आपली शीळ घातली. गरुडाने मान वळवली आणि परत फिरवली. पुन्हा घातली, तरी तेच.

"दादा, तुमचा गरुड संपावर गेलाय वाटतं," मुतुआ म्हणाला. "पलीकडच्या होडीवाल्याचा म्हणे हाक मारल्यावर लगेच येतो."

ते पारमातला झोंबलं. दादाच्या शिळेला हा गरुड कधी चुकला नव्हता. त्याने बोट ओलं करून वारा पाहिला. जमिनीकडून पाण्याकडे वाहत होता. घर दूर, मधे टेकडीचं नाक. वहिनीला कुठलं ऐकू जातंय!

त्याने लेतिपोची शीळ घातली आणि मासा फेकला.

गरुड तत्क्षणी सुटला. पाण्याजवळ येऊन त्याने पंजे उघडले आणि मधेच पंख फडफडवून तो वर उसळला. ओरडत, बेटाच्या पार पलीकडे निघून गेला.

मासा अजून तरंगत होता. मग तो खाली जाऊ लागला. खळबळ नाही, तरंग नाही. कुणी शेपटीला धरून सावकाश खाली न्यावा तसा तो गेला. पारमात टक लावून बघत राहिला. लाकूड भरलेला मासा वर यायलाच हवा होता.

"मगर का?" मुतुआने विचारलं.

"मगर असती तर पाणी फुटलं असतं."

तेवढ्यात छपराखालून शीळ आली.

दोन लांब. एक तुटकी. शेवट वर चढलेला.

"अच्छा!" मुतुआ हसला. "जोडीदार लपवून ठेवलाय होय तिकडे?"

पारमातने इंजिनाची दोरी खेचली. दोनदा ती निसटली, तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं.

"अहो, माझा फोटो!"

"बसा खाली. बसा म्हणतो ना!"

टेकडीचं नाक वळेपर्यंत तो मनाला बजावत होता, वारा उलटा आहे, तिने काही ऐकलेलं नाही. घर दिसलं. दार सताड उघडं होतं. सूर्य अजून डोंगराच्या वर होता.

"वहिनी!"

चुलीवर चहा उतू जात होता. शेजारी दोन कप धुऊन मांडलेले. गाठोडी बांधलेली, जागच्या जागी.

"वहिनी, अहो, ती शीळ माझी होती! मी घातली होती!"

उंबऱ्यावर तिच्या टायरच्या चपला होत्या, पाण्याकडे तोंड करून नीट काढून ठेवलेल्या. त्यांच्यापुढे, हाताच्या अंतरावर, एक मासा पोट वर करून तरंगत होता. त्याच्या पोटाला निळा दोरा होता.

पारमातने त्याला हात लावला नाही.

मुतुआ होडीत उभा राहिला होता. त्याने कॅमेरा खाली घेतला होता आणि तो सरोवराकडे कान देऊन ऐकत होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आता तिकडे दोघं आहेत का?"

पाण्यावरून शीळ आली. दोन लांब, एक तुटकी, शेवट वर चढलेला.

तिच्यामागोमाग दुसरी. चाल तीच, पण अर्धी हवा फुस्स करून दातांच्या फटीतून निसटून गेलेली.

आणि मग तिकडे कुणीतरी हसलं, होडीत लोळून लोळून हसावं तसं.