अडीच किलोची मशीन

शकुनबाईंचा खोकला तुमचा आहे, साहेब. तो तुमच्या नावावर लावून घ्या. थांबा, भाव वाढेल, घाई करू नका, असं तुम्ही कापसाच्या भावाचे जाणकार गार खोलीत बसून सांगितलंत आणि चांदूर बाजारच्या आसपासची गावंच्या गावं थांबली. कापूस ठेवणार कुठं? घरात. बैठकीत, देवापुढे, पलंगाच्या उशाशी. दोन हजार तेवीसचा फेब्रुवारी लागला तरी भाव आला नाही. अंगाला खाज आली, घशात धूळ आली. तुमच्या खोलीत एकदा तरी कापसाचं गाठोडं सोडून पाहिलंत का?

आणि तुम्हाला न विचारता त्याच कापसात आणखी एक गोष्ट घडली. शकुनबाई प्रेमात पडल्या. वय चौसष्ट.

झालं असं की त्यांचा उजवा हात कानाच्या वर जाईना. डाव्यानं झाडू मारला की कापसाचे तंतू उडत, पंख्यापर्यंत जात, आणि बाई चहा घेऊन टेकल्या की सावकाश खाली येऊन कपात पडत. ओलं फडकं मारावं तर ओल कापसाला लागते. मुलगा विपुल अकोल्याला नोकरीला. त्याला फोनवर हा खोकला ऐकू गेला.

"आई, घर झाडनं होत नसन तुह्यानं, तर शिवरात्रीले येतो, कुलूप लावतो. अकोल्याले चाल."

मायेनंच म्हणाला तो. पण शकुनबाईंना अकोल्याचं घर ठाऊक होतं. तिसरा मजला, गॅलरीत एक खुर्ची, खुर्चीत दिवसभर त्या. नवरा गेल्यावर बारा वर्षं त्यांनी हे घर एकटीनं राखलं होतं. दाराला कुलूप म्हणजे आपल्याच तोंडाला कुलूप, एवढं त्यांना कळत होतं.

म्हणून त्या एस.टी.नं अमरावतीला गेल्या. धूळ ओढणारी मशीन घ्यायला.

नईमभाईंचं दुकान लहान, पण माल छतापर्यंत. त्यांनी एक खोकं उघडलं. "ही घ्या मावशी. एकदम हलकी. दीड किलो फक्त."

शकुनबाईंनी मशीन डाव्या हातात घेतली, डोळे मिटले, मनगटावर दोनदा झुलवली. "अडीच हाये."

"खोक्यावर लिहेल हाये ना, मावशी."

"खोक्यानं उचलली काय? म्या उचलली."

मागून कोणीतरी हसलं. बाकावर एक गृहस्थ बसले होते. मांडीवर बिघडलेला मिक्सर, खिशाला दोन पेन, डोक्यावर पांढरे पण दाट केस. "नईमभाई, या हाताशी वाद घालू नका," ते म्हणाले. "कापूस वेचनाऱ्या बाईचा हात हाये तो. पस्तीस वर्षं मार्केट यार्डात मापारी होतो मी. काटा चुकताना पाह्यला, पन वेचनारीचा हात चुकताना नाही पाह्यला."

हे देवमनजी. नईमभाईंनी हसत हसत लटकवायचा काटा काढला, मशीन आकड्याला अडकवली. दोन किलो चारशे साठ. खोक्यावरचं वजन बिना नळीचं होतं.

"चाळीस ग्राम चुकल्या तुमी," देवमनजी म्हणाले.

"तुमच्या नजरेचं वजन असन ते. मघापासून मशीनकडंच पाहून राहिले…"

बोलून गेल्या आणि शकुनबाईंचे कान तापले. चौसष्ट वर्षांच्या बाईचे कान तापतात का? तापतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी कोणा बाईकडं नीट पाहिलेलं नाही.

दुसरी मशीन निघाली. खरंच हलकी, दोन किलोच्या आत. शकुनबाई तिच्यावर हात ठेवणार तोच देवमनजी म्हणाले, "जरा थांबा. हिचं बटन दाबून धरा लागते. घर झाडून होईस्तवर. धरून पाहा बरं."

"किती वेळ?"

"मी माही गोष्ट सांगतो, तवरिक."

शकुनबाईंनी बटण दाबलं. मशीन घुंघुं करू लागली आणि त्या आवाजावर आवाज चढवून देवमनजींनी सांगितलं की बायको जाऊन सात वर्षं झाली, लेक नागपूरला असते, आपण राठीनगरात दोन खोल्यांत राहतो, भाकरी जमते पण गोल होत नाही, आणि हा मिक्सर चटणी वाटताना जळला कारण चटणीत पाणी घालायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही. शकुनबाईंचं बोट सुन्न झालं. हसू आवरेना म्हणून बटण सुटलं.

"दुखलं ना?"

"बोट दुखलं. गोष्ट चांगली होती."

देवमनजींनी पहिली मशीन पुन्हा पुढे केली. "हे घ्या. बटन एकदा दाबलं का चालू राह्यते. डबा खालून उघडते, पिळा लागत नाही. नळी लांब हाये, वाकनं नाही. आन् मोटर बुडाशी हाये. वजन तुमच्या हातावर येतच नाही, जमीनच उचलते ते." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "हलकी म्हंजे काट्यावर कमी भरते ते नाही जी. संध्याकाळी खांदा दुखू देत नाही ते."

शकुनबाईंनी तीच घेतली. दारात म्हणाल्या, "तुमच्यानं काम झालं, भाऊ."

"भाऊ नका म्हनू."

"मंग काय म्हनू?"

देवमनजी मिक्सरच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "देवमन… नाव हाये माहं. जी लावा वाटलं तर."

खोक्यावर त्यांनी आपला फोन नंबर लिहिला. सात आकडे एका पेनानं, तीन दुसऱ्यानं. पहिल्याची शाई संपली होती की हात थांबला होता, ते शकुनबाईंनी विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी जी चूक केली ती कापसाच्या घरातलं माणूसच करू जाणे. मशीन लावली आणि थेट कापसाच्या गंजीच्या कडेला नेली. जमिनीवर सांडलेल्या कापसाची पांढरी झालर मशीननं दिसताक्षणी गिळली. एक हात, दोन हात… मग घरघर, मग जळका वास, मग काही नाही. शिवरात्रीला तीन दिवस होते.

त्यांनी खोकं शोधलं. नंबर लावला. "मी बोलून राहिली… मशीनवाली."

"वळखलं."

"मेली जी मशीन."

"हात लावू नका. सकाळच्या गाडीनं येतो."

आले. पायरीवर चपला काढल्या, ओसरीत बसून मशीनचं तोंड उघडलं. आतल्या फिरत्या ब्रशाला कापूस गुंडाळून गुंडाळून घट्ट वळला होता, हातानं वात वळावी तसा. देवमनजी तो कात्रीनं कापत राहिले. मोटर शाबूत होती, नुसती तापली होती.

"पहिले कापूस हातानं वेचा लागते," ते म्हणाले. "मंग मशीनले धूळ द्या."

"हे तर वावरातलंच काम झालं. या मंग. लागा हाताले."

दोघं गंजीच्या कडेला बसली. आणि शकुनबाईंना दिसलं की पस्तीस वर्षं कापूस तोलणाऱ्या या माणसाला कापूस वेचता येत नव्हता. एकेक तंतू चिमटीत धरत होता, देवाला फूल वाहावं तसा.

"असं वेचसान तर पुढची दिवाळी येईन," त्या म्हणाल्या. "पाचही बोटं लावा. असे."

शकुनबाईंनी देवमनजींचा हात धरून दाखवला. खरबरीत हात, नखांशी काळा दोरा भरल्यासारख्या रेघा. तो हात हलला नाही. शकुनबाईंनीही तो लगेच सोडला नाही. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तंतू तरंगत होते, वर जाऊ की खाली येऊ असे.

"शकुनबाई…" देवमनजी म्हणाले. "मले एक बोलाचं होतं."

"बोला ना."

"म्हंजे… दोन खोल्या आन् एक मानूस… लय मोठं वाटते घर कधी कधी…"

पाराजवळ एस.टी.चा भोंगा वाजला. देवमनजी दचकून उठले, चपला अडकवल्या, अर्धं वाक्य तिथंच ठेवून पळाले. शकुनबाई दारात उभ्या राहिल्या. राग आला त्यांना. पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या मालाचं वजन खणखणीत आवाजात सांगणारा माणूस, स्वतःच्या दोन शब्दांचं वजन सांगताना बसमागे पळतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. "शिवरात्रीले या. पोरगा येनार हाये. येताना गाडी पकडाची घाई घेऊन येऊ नका."

शिवरात्रीला विपुल आला, बायको प्रणालीला घेऊन. खिशात नवं कुलूप होतं, त्यानं ते लपवलंही नाही. शकुनबाईंनी डाव्या हातानं मशीन लावली. बैठक, देवघर, पलंगाखाली, गंजीच्या कडेनं सरळ एक रेघ. कंबर ताठ, खांदा खाली. मग मशीन बंद करून म्हणाल्या, "बस खाली. तुही काळी प्यांट हाये ना? बस."

विपुल बसला. उठला. प्रणालीनं त्याला पाठमोरा फिरवून पाहिलं. पँटवर एक तंतू नव्हता. "ठेवा ते कुलूप ब्यागेत," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्या घरापेक्षा साफ हाये." मग सासूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, ही मशीन आमाले घेऊन द्या."

"खोकला?" विपुलनं विचारलं.

"दोन दिवस झाले, नाही आला."

विपुल हसला, हरलेल्या पोरासारखा. कुलूप ब्यागेत गेलं. तेवढ्यात ओसरीशी देवमनजी उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, हातात वेलची केळ्यांची फणी, आणि आत यावं की नाही या विचारात एक पाय पायरीवर.

"आई, हे कोन?"

देवमनजींनी घसा खाकरला. "मी… ते मशीनचं… मी नईमभाईच्या दुकानात…"

"त्यायले बोलू देऊ नको, गाडी सुटते त्यायची," शकुनबाई म्हणाल्या आणि मधे येऊन उभ्या राहिल्या. "विपुल, हे देवमनजी. मशीन मले यायनं निवडून देली. मानूस म्या निवडला. मी इथंच राह्यतो, माह्या घरात. एकटी राह्यतो का दोघं राह्यतो, तेवढंच ठरवाचं बाकी हाये."

प्रणालीनं पदराआड हसत देवमनजींच्या हातातली केळी घेतली आणि त्यांना आत यायला वाट दिली.

शकुनबाईंनी पायरीवरच्या त्या पायाकडं पाहिलं, मग सरळ डोळ्यांत पाहिलं.

"मी विचारून राहिली, सगळ्यायसमोर. लगन लावाचं का माह्यासंगं? अर्धं बोलसान तर चालनार नाही. हो का नाही, सांगा."