तीन नंबरचं लॉक

१९९४ सालची, भर दुपारची गोष्ट. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलला मी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहून दिला होता. तिथल्या जयाचा फोन आला, की एका पेशंटची नोंद उघडतच नाही. मी कुरकुरतच गेलो.

दोघांनी दोन मशीनवरून एकच नोंद एकदम बदलली, तर एकाचं लिहिलेलं दुसरा पुसून टाकतो. म्हणून मी लॉक घातलं होतं. एकानं नोंद उघडली, की त्याचं काम होईपर्यंत बाकीच्यांनी गप थांबायचं. मला त्या लॉकचा भारी अभिमान.

"मालनबाईंचं ऑपरेशन खोळंबलंय सर," जया म्हणाली. "लॅबनं रक्तगट बी कळवलाय, पण तो भरल्याशिवाय रक्ताची चिठ्ठी निघत नाही. आणि लॉक तीन नंबरच्या मशीनवरून लागलंय."

"मग तिथे कोण बसलंय त्याला सांग ना, बंद कर म्हणून."

"तिथे प्रमोदिनी बसायची..." तिचा आवाज उतरला. "दिवाळीत कावीळ झाली नि गेली. मालनबाई तिची आई."

तीन नंबरवर कव्हर होतं, वायर काढलेली. कव्हर उचलून पडद्याला हात लावला, तर तो कोमट लागला. खोबरेल तेलाचा मंद वास येत होता.

परत येऊन मी लॉक तोडलं. ते पुन्हा लागलं. पुन्हा तोडलं... पुन्हा लागलं. आता मुख्य मशीनच बंद करायचं, म्हणून मी बटणावर बोट ठेवलं.

"नको सर," जया पुटपुटली. "ती उगाच अडवायची नाही कुणाला... मी लॅबला रक्तगट परत तपासायला सांगते."

तिनं फोन लावला. थोड्या वेळानं लॅबचा उलट फोन आला.

"बी नाही सर, ओ. तपासणीच्या बाटल्यांची अदलाबदल झालेली. आपण बी चढवलं असतं तर..."

मी नोंद उघडून पाहिली. या वेळी ती मुकाट उघडली. मी ओ भरलं, चिठ्ठी निघाली. खरं तर घाबरायला हवं होतं, पण मला गलबलून आलं.

मालनबाई बऱ्या झाल्या. घरी निघाल्या त्या दिवशी मीच त्यांना रिक्षात बसवलं. त्यांच्या वजनानं रिक्षा दबली. त्या आत सरकल्या आणि शेजारची जागा त्यांनी पदरानं पुसली.

"ये गो बाय, बस," त्या हळूच म्हणाल्या.

दारात मी एकटाच उभा होतो. रिक्षा आणखी थोडी दबली.