उठू का गं?

आक्काला तुम्ही मारलंत.

आजारानं नाही, वयानं नाही, नशिबानं तर नाहीच. रुग्णालयाचा कारभार हाकणारे मोठे साहेब, तुम्ही मारलंत. आणि मेल्यावरही तिला सोडलं नाहीत.

वाचणाऱ्यांनो, ही ऐकीव थाप नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या वहिनीसोबत घडलंय. अमावस्येच्या रात्री नाही, स्मशानात नाही. भर दुपारी, रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, फिनेलच्या वासात, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

वहिनीचं काम बसायचं. जो पेशंट पलंगावरून पडेल, नळी उपसेल, उठून चालू लागेल, त्याच्या उशाशी बसायचं आणि नजर हटवायची नाही. मोबाइल नाही, डुलकी नाही.

दादा चिडवायचा, "आमच्या घरात बसून खाणारी ही एकटीच."

"एक दिवस बसून दाखवा, मग बोला," वहिनी म्हणायची. "चहासाठी दहादा उठाल."

अशा उशाशी बसणाऱ्या बायकांचा आपसातला एक नियम होता. पाळी संपली की जाणारी विचारणार, "उठू का गं?" येणारी खुर्चीशी येऊन म्हणणार, "बसले." तो शब्द कानावर पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि एकदा "बसले" म्हटलं, की पेशंट तुमच्या पदरात. मग आभाळ कोसळो.

नियम आक्काचा. ती वॉर्डातली सगळ्यात जुनी. बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय.

त्या दिवशी आक्काची सकाळची पाळी संपली, पण तिच्या जागी बसणारी बदली आलीच नाही. वर तुमच्याकडे निरोप गेला. वरून उत्तर आलं, "थोडं थांबायला सांगा."

आक्का थांबली. दुपार सरली. सफाईवाले मामा दारातून डोकावले. आक्का ताठ बसलेली, नजर पेशंटवर.

"आक्का, दोन घास खाल्लेस का?"

आक्का बोलली नाही.

बोलणार कुठून...

डोळे उघडे होते. आत कोणी नव्हतं.

पेशंटला मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

मग तुम्ही काय केलंत, साहेब? हार पाठवलात. आणि तिची जागा भरलीच नाहीत. तिची खुर्ची उचललीत, ती खोली वहिनीच्या खोलीला जोडलीत. मधल्या दारात बसून दोन्ही पेशंट तिनं एकटीनं बघायचे.

वहिनी तुमच्यासमोर उभी राहून भांडली. "साहेब, दोघं एकदम उठले तर?"

तुम्ही हसलात. "डोळे दोन आहेत ना बाई? एकेक वाटून द्या."

डाव्या खोलीत डोक्याचं ऑपरेशन झालेली कॉलेजातली पोरगी. गळ्यातली नळी उपसायला टपलेली. उजव्या खोलीत, आक्काच्या खोलीत, बसड्रायव्हर आजोबा. मांडीचं हाड नुकतंच जुळवलेलं, पण डोक्यात अजून गाडीच. पुन्हा पडले असते तर कायमचे.

जेवणाची ताटं उचलून झाली होती. पोरीचा हात गळ्याशी गेला. वहिनीनं झेप घेतली, तिची दोन्ही मनगटं धरली.

तेवढ्यात पाठीमागे... खट्.

आजोबांच्या पलंगाचा कठडा खाली आला.

"चला, गाडी सुटायची वेळ झाली."

वहिनी ओरडली, "सिस्टर!" कोणी आलं नाही. मनगटं सोडावीत तर पोरगी जाते. न सोडावीत तर म्हातारा जातो. पाय फरशीला टेकल्याचा आवाज आला...

आणि मग कोणीतरी घसा खाकरला.

सावकाश. ओळखीचा.

"बसले."

वहिनीनं आवाज ओळखला. पण हात सुटले नाहीत. सिस्टर धापा टाकत आली, पोरीला तिनं धरलं, तेव्हा कुठे वहिनी वळली.

आजोबा पलंगावर. कठडा वर. पाय पांघरुणात, नीट खोचलेले.

"आजोबा, वर कसे चढलात?"

"या कंडक्टरबाईंनी बसवलं," आजोबांनी शेजारी बोट दाखवलं. "म्हणाल्या, डबल बेल दिल्याशिवाय हलायचं नाही. कडक आहेत बुवा!"

शेजारी नुसती फरशी होती.

वहिनी सांगते, तेव्हा तिला भीती वाटली नाही. हायसं वाटलं. भीती वाटली पाळी संपताना.

बदलीवर छोटी आली, वॉर्डातली सगळ्यात नवी बाई. "बसले," म्हणाली. वहिनीनं पर्स उचलली.

उजव्या खोलीतून, दमलेल्या आवाजात...

"उठू का गं?"

वहिनीचे ओठ उघडले. छोटीनं झटकन त्यांवर हात दाबला.

"नको ताई! 'बसले' हा शब्द दिलास तर तिच्या जागी बसावं लागेल. आणि मग तुझी बदली कोण पाठवणार? हे साहेब?"

दुसऱ्याच दिवशी वहिनी पुन्हा तुमच्या दारात आली. उजव्या खोलीला माणूस द्या म्हणाली, हात जोडले. तुम्ही काय बोललात ते आठवतं?

"कोणी पडलं का? नाही ना? म्हणजे जमतंय की!"

आणि तिसरी खोलीही तिच्याच गळ्यात मारलीत.

आजोबा काठी टेकत घरी गेले. त्या पलंगावर दुसरा पेशंट आला. तोही पडत नाही. आणि रोज पाळी संपताना तो आवाज येतो. रोज थोडा जास्त दमलेला... वहिनी कानात बोटं घालून जिना उतरते. घरी आली की जेवत नाही.

भुतांवर विश्वास ठेवू नका, साहेब. माझं काही म्हणणं नाही. पण मेलेल्या बाईकडून पाळी भरून घेताय आणि वर पाठ थोपटून घेताय.

आक्काची बदली कधी पाठवताय?

थांबायला सांगू नका. तारीख सांगा.