नळाच्या पोटातली माती

सकाळी पुण्यातले हौद कोरडे निघाले आणि ऊन वर यायच्या आत गुन्हेगारही सापडला. कोतवालीचा एवढा झपाटा पाहून तिथल्याच कारकुनाला, गोपाळकृष्णपंतांना, संशय आला.

कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणणारा विटांचा बोगदा, म्हणजे नळ, बिबवेवाडीजवळ बुजला होता. तिथली जमीन भुसभुशीत. आदल्या दिवशी सकाळी भूकंपाचा धक्का बसलेला. "बांधकाम कच्चं, छत बसलं," असं म्हणून नळावरचे जमादार सर्जेराव यांनी तो भाग बांधणाऱ्या मकबूल गवंड्याला बेडी घातली. संध्याकाळी त्याची रवानगी गडावर व्हायची होती. गडावरून परत आलेला माणूस पुण्यात कुणी फारसा पाहिला नव्हता.

पंत उच्छ्वासातून, म्हणजे नळात हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या विहिरीतून, खाली उतरले. ढिगाऱ्यावर विटा होत्या. पंतांनी काठी खुपसली. खाली निव्वळ माती.

वर येऊन त्यांनी विचारलं, "सर्जेराव, धक्क्यानंतर नळ कुणी तपासला?"

"आज तपासणार होतो. काल तशी दवंडीच दिली होती."

"चोराला निरोप धाडायची चांगली रीत आहे."

शेजारीच दिगंबरशास्त्र्यांची पाठशाळा आणि केळीची बाग. वैशाख चालू होता, तरी पंतांचा जोडा बागेत चिखलात रुतला. शिष्य हात पाठीमागे घेऊन उभे होते.

"धक्का जाणवला का आपल्याला, शास्त्रीबुवा?"

"जाणवला तर. देव्हाऱ्यातला शंख लवंडला."

"मग दुपारी आपण कुठे होता?"

"आणखी कुठे असणार? ओसरीवर. सूर्यास्तापर्यंत वेदाची संथा देत होतो. विचारा या पोरांना."

"कशाला? आपला शब्द पुरे आहे. जरा उच्छ्वासापाशी येता?"

शास्त्र्यांमागोमाग शिष्यही आले. तिथे बेडीतला मकबूल बसला होता. पंत काठीवर रेलले.

"छत कोसळलं तर आधी विटा पडतात, मग त्यांच्यावर माती येते. इथे माती खाली, विटा वर. म्हणजे कुणीतरी या उच्छ्वासातून माती ओतली आणि मग त्याच्याच काठाच्या विटा उचकटून वर टाकल्या. मकबूलचा नळ भूकंपाला पुरून उरला. शास्त्रीबुवांना नाही उरला."

"पंत, तोंड सांभाळा. मी शिकवत होतो म्हणून सांगितलं ना?"

"तेच तर. भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी त्या वेळेपर्यंत अनध्याय, वेद शिकवायचा नाही. पुण्यातला प्रत्येक विद्यार्थी त्या सुट्टीसाठी धरणीमातेकडे आशेने बघतो. आपण सवयीने रोजचं उत्तर देऊन बसलात. पोरांनो, हात दाखवा."

तळव्यांवर फोड होते.

"नळाला भोक पाडून केळी पोसलीत. दवंडी ऐकली आणि भोक झाकायला पोरांना मातीच्या पाट्या उचलायला लावलंत. अनध्याय पाठांतराला असतो, पाट्यांना नसतो."

माती उपसली. नळाच्या भिंतीत भोक निघालं, थेट केळीच्या दिशेने गेलेलं.

सर्जेरावांनी मकबूलची बेडी काढली आणि ती हातात घेऊन घुटमळले. "पंत, ही यांना घालायची? शास्त्रीबुवांना?"

"मला काय विचारता? मकबूलला घालताना विचारलं होतंत?"