इकडे बघू नकोस

मी चिखलात पालथी पडले होते. हनुवटी जमिनीला टेकलेली, डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, आणि कधी नव्हे ते ऊन, धुकं आणि ओली पानं ही तिघंही माझं ऐकत होती. वरच्या वळणावरून सायकलच्या चेनचा आवाज आला. मी श्वास रोखला... आणि त्या गृहस्थाने ब्रेक मारला.

अगदी माझ्या नाकासमोर. सगळा चिखल लेन्सवर.

"लागलं का हो तुम्हाला?" सायकल आडवी टाकून तो माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला. "हलू नका. पायाची बोटं हलवता येतायत?"

"माझी बोटं ठणठणीत आहेत," मी म्हणाले. "तुमचे डोळे तपासून घ्या."

"पण तुम्ही पडलायत –"

"पडलेली नाही, झोपलेय. फोटो काढतेय."

"असं... झुडपात?"

"मग काय, उड्या मारणाऱ्या सायकली मी सोफ्यावर बसून टिपू?"

यावर माणसाने ओशाळावं की नाही? हा हसला. आणि माफी मागायची म्हणून खिशातून रुमाल काढून त्याने माझी लेन्स पुसली. रुमालाने! चिखलासकट, खसाखसा. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. त्याला वाटलं, मी भारावले.

तो फिजिओथेरपिस्ट होता, हे नंतर कळलं. आठवडाभर लोकांचे मोडलेले गुडघे आणि खांदे सरळ करायचे आणि सुटीच्या दिवशी स्वतःचे मोडायला डोंगरावर यायचं, असा त्याचा कार्यक्रम. माझंही तसंच उलटं होतं म्हणा. सोमवार ते शनिवार मी मामाच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट साइज काढायची. इकडे बघा, हनुवटी जरा खाली, हसू नका. रविवारी मात्र डोंगरावर सायकलवाल्यांना ओरडून सांगायची – इकडे बघू नका! कारण सायकलवाल्याची नजर पुढच्या वाटेवर हवी. त्याने लेन्सकडे पाहिलं की फोटो मेला. उडी खोटी वाटते, सायकल खेळण्यातली वाटते. ही एवढी एक गोष्ट. रविवारच्या सायकलवाल्यांच्या सगळ्या गटाला ती पहिल्याच दिवशी समजली. याला नाही.

तो दर रविवारी यायचा आणि दर रविवारी माझ्यापाशी येऊन ब्रेक मारायचा. ब्रेक चुकून नाहीच मारला, तर लेन्सकडे बघायचा. मी त्याचं नाव 'ब्रेकवाला' ठेवलं. त्याने माझं 'झुडूपबाई'. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, तेही कळलं नाही. भांडताना 'तुम्ही' म्हणायला वेळ लागतो.

अशा माणसाशी आपला संबंध उतरणीपुरता ठेवावा. पण नशिबाला ते बघवलं नाही.

झालं असं, की सायकलच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मला बोलावलं. दुकानाच्या भिंतीवर त्यांना एक मोठा फोटो लावायचा होता – नवी लाल सायकल, मोठ्या खडकावरून हवेत. "हा जमला तर यंदाच्या सगळ्या शर्यतींचे फोटो तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. मी घरी उडतच आले. मामाने चष्म्यावरून बघितलं.

"जमला तर ना? चांगलं आहे. नाही जमला, तर पुढच्या महिन्यापासून स्टुडिओ रविवारीही उघडा. आणि गल्ल्यावर तू. छंदापायी तुझे कपडे धुऊन तुझी मामी टेकीला आलीये."

म्हणजे एका फोटोवर माझे सगळे रविवार टांगलेले. त्यात ती लाल सायकल निघाली थोरल्या मापाची. तिच्यावर बसून ज्याचे पाय पेडलला नीट पुरतील, असा ताडमाड माणूस गटात एकच होता. मी कपाळाला हात लावला.

"मला विचारतेयस?" ब्रेकवाला म्हणाला.

"नाइलाज आहे."

"किती गोड बोलतेस गं."

"फक्त दोन गोष्टी. ब्रेक मारायचा नाही. आणि इकडे बघायचं नाही. जमेल?"

"त्यात काय," तो म्हणाला.

त्या रविवारी मी खडकाखाली जागा पकडली. धुकं नुकतंच वर सरकत होतं. पहिल्या खेपेला तो खडकाच्या टोकाशी आला आणि थांबला. दुसऱ्या खेपेला थांबला. तिसऱ्या खेपेला उडी मारली खरी, पण हवेत मान वळवून अशी काही माझ्याकडे बघत, की गाडी चुकलेला माणूस वाटावा. चौथ्या खेपेला पुन्हा ब्रेक. झाडाआडून ऊन सरकायला लागलं आणि माझा पारा चढला.

"अरे, तुला होतं काय?" मी चिखलातून उठून ओरडले. "गटातली पोरं डोळे झाकून मारतात ही उडी!"

"मीही मारतो. एरवी दर रविवारी मारतो."

"मग आज काय धाड भरलीये?"

तो ग्रिपवरचा चिखल नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "तू खाली असतेस."

"म्हणजे?"

"चाक उतरतं तिथून तू हातभर लांब. मला टोकावरून वाट दिसतच नाही, तू दिसतेस. तुझी वेणी दिसते. जरा चुकलं तर..." त्याने हात हवेत तसाच सोडला. "असे चुकलेले लोक माझ्या टेबलावर येतात गं. मला माहितीये, काय होतं ते. मग हात आपोआप ब्रेकवर जातो."

 रागावलेल्या माणसाला कोणी असं सांगू नये. राग कुठे ठेवायचा, ते कळत नाही. 

"मी जागा मोजून पकडलीये," मी तुटक म्हणाले. "माझी काळजी करायची गरज नाही. नसेल जमत तर तसं सांग. मी रविवारी गल्ल्यावर बसेन, संपलं."

मामाची अट त्याला माहीतच नव्हती. मी सांगितली. तो ऐकत राहिला, मग सायकल खांद्यावर घेऊन वर चढला. त्याची पाठमोरी आकृती बघून मला वाटलं, जरा जास्तच बोललो आपण... पण आता हाक कोण मारणार?

चेनचा आवाज आला. या खेपेला तो कमी झाला नाही. वाढतच गेला. लाल सायकल खडकाचं टोक सोडून हवेत आली, मागे सोनेरी धुकं, चिखलाचे थेंब सुट्टे सुट्टे – महिनोन्‌महिने ज्याची वाट बघावी, ते सगळं एका ठिकाणी. आणि मी कॅमेरा खाली घेतला.

घेतला म्हणजे, खाली गेला. पुढचं चाक जरा वाकडं दिसलं मला, बस. पुढचं काही आठवत नाही. तो धप्पकन उतरला, हेलपाटला, सावरला, आणि धापा टाकत वळला.

"आला?"

मी मान हलवली. नाही.

"नाही? अगं, याहून सरळ मी जन्मात –"

"मी दाबलंच नाही बटण."

"का?"

"बघत होते."

"तेच तर तुझं काम आहे."

"कॅमेऱ्यातून नाही," मी पुटपुटले. "नुसती... बघत होते. तू नीट उतरतोयस का, ते."

 मग त्याच्या चेहऱ्यावर ते हसू पसरायला लागलं, रुमालाच्या वेळचं.

"म्हणजे तूही ब्रेक मारलास."

"गप बस."

"झुडूपबाई, तूही ब्रेक मारलास."

"ऊन जातंय," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "शेवटची खेप. या वेळी दोघांनीही आपापलं काम करायचं. आणि ऐक... इकडे बघू नकोस."

त्याने ब्रेक मारला नाही. मी कॅमेरा सोडला नाही. फोटो आला. चाक, चिखल, धुकं, लाल रंग, सगळं जिथल्या तिथे. आणि हा पठ्ठ्या, हवेत, थेट माझ्याकडे बघत कानापर्यंत हसतोय.

मालकीणबाईंनी तो बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण गिऱ्हाईक सायकलकडे बघेल कशाला? हा मुलगा कोणाच्या प्रेमात आहे, एवढंच विचारतील लोक. नाही गं, हा भिंतीवर नाही चालायचा."

शर्यती गेल्या. मी स्टुडिओत आले, फोटो काउंटरवर टाकला आणि मामाला म्हणाले, "रविवारी किती वाजता उघडायचं?"

मामाने फोटो उचलला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अख्खी हयात लोकांना 'इकडे बघा' म्हणत आलो," तो म्हणाला. "असं कोणी बघितलं नाही." मग फोटो घेऊन तो बाहेरच्या काचेपाशी गेला, बाळांच्या आणि जोडप्यांच्या फोटोंमधोमध तो लावला, आणि पाठमोराच म्हणाला, "रविवारी बंदच राहू दे. डोंगर काय एका फोटोने संपत नाही. मामीशी मी बोलतो."

मला रडायला आलं. मामाने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

शनिवारी ब्रेकवाला दारात उभा. त्याला म्हणे दवाखान्याच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. काचेतला स्वतःचा फोटो बघून तो कानापर्यंत लाल झाला होता. मामाने त्याला स्टुलावर बसवलं.

"इकडे बघा."

तो माझ्याकडे बघत होता.

"अहो, इकडे. लेन्सकडे. मान सरळ."

मान सरळ झाली. डोळे गल्ल्यावर बसलेल्या माझ्याकडेच. मामाने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी मामाने हात टेकले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"घे बाई, तूच काढ. मी चहा घेऊन येतो. सावकाश येतो."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. बाहेर रस्ता वाहत होता, आत दिवा मंद गुणगुणत होता. जन्मभर म्हटलेले तेच दोन शब्द.

"इकडे बघ," मी म्हणाले.

"कधीपासून बघतोय," तो म्हणाला.