साडेतीन आणि दहा

“गॅरेजला कुलूप लावायची पाळी आलीय, ताई,” हनुमान म्हणाला. “पण ती स्प्रिंग मी नाय लावली.”

शहापूरच्या एसटी स्टँडमागे देवकी वेखंडेची कचेरी होती. वीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघात तपासून झाल्यावर आता ती स्वतःची कामं घेत होती. मावसभाऊ शाम तिची गाडी चालवायचा, आणि स्वतःला तिचा उजवा हात समजायचा.

हनुमान शेणव्याला मातीतल्या शर्यतीच्या मोटारसायकली तयार करायचा. त्याची लाडकी शिष्या प्रियांका शुक्रवारी सरावात बांधावरून उडी मारून उतरली आणि मागचं चाक असं उसळलं की ती हँडलवरून खाली आली. खांदा सोलला, हाड वाचलं. पाहिलं तर मागच्या शॉकअपवर तिच्यासाठी निवडलेली मऊ स्प्रिंग नव्हतीच. जुनी, कडक स्प्रिंग होती.

“ती म्हणते, तुमच्या हातच्या गाडीवर बसणार नाय. रविवारी धसईला शर्यत. चार दिवसांत दुसरं कोण गाडी बनवून देणार तिला? वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल.”

“स्प्रिंग निवडता कशी?” देवकीनं विचारलं.

“पोरं नुसतं अंगाचं वजन सांगतात. मी बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं चढवून भात तोलायच्या काट्यावर उभं करतो. स्प्रिंग बसवली की टेप लावायचा. नुसती गाडी स्वतःच्या वजनानं साडेतीन सेंटिमीटर खाली बसायला पाहिजे, वर माणूस बसला की एकूण दहा. स्प्रिंगवरची रिंग आवळून एक आकडा कुणालाही जमवता येतो. दोन्ही जमले तरच स्प्रिंग त्या माणसाची.”

“आणि स्प्रिंग बदलायची तर?”

“रिंग पूर्ण सोडावी लागते. मग पुन्हा पहिल्यापासून बसवायची.”

देवकीनं दोन्ही आकडे वहीत लिहिले. एवढ्यासाठी वही कशाला, असं शामला वाटलं.

प्रियांकाचं घर मुरबाडच्या अलीकडे. गाडी पडवीत उभी होती. मूळची ती तिच्या भावाची, साईनाथची. त्याचा गुडघा गेल्या वर्षी निकामी झाला आणि गाडी बहिणीकडे आली. पडल्यापासून रिंगला कुणी हात लावलेला नव्हता.

देवकी वाकली. “खाचा चेचल्यात. छिन्नी-हातोडीनं फिरवलीय.”

“माझ्याकडं रिंगचा पाना हाय की!” हनुमान कळवळून म्हणाला.

“जुनी स्प्रिंग कुठे होती?”

“ऋतिकच्या हाती इथं पाठवली होती.”

ऋतिक शेजारचाच, हनुमानचा दुसरा शिष्य. तो आढेवेढे घेणारा नव्हता. “पडवीत ठेवली मी. आणि जळतो मी तिच्यावर, लिवून घ्या. हनुमानदादा तिची गाडी दोनदा मोजतात, माझी एकदा.”

शामनं देवकीला कोपरानं ढोसलं. तिनं लक्ष दिलं नाही.

साईनाथ ओटीवर बसला होता. प्रियांका पडली त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, घरचे सगळे धसईला साखरपुड्याला गेले होते, गुडघा दुखतो म्हणून तो एकटाच मागे राहिला होता. “जेवून झोपलो. वर्ष झालं, त्या गाडीला हात नाय लावला.”

मागच्या फळीवर प्रियांकाचा मोठा फोटो होता. साईनाथनं शर्यतीत जिंकलेला कप फोटोच्या आड गेला होता. देवकीनं खुंटीवरचं त्याचं हेल्मेट काढलं. आतून मातीचे कण सांडले. अस्तरावर गोल डाग होता.

“कुंभारमाशी,” साईनाथ हसला. “काय टांगलं की आत घर बांधते.”

“हो. पण हे घर कुणीतरी खरवडलंय.” देवकीनं सगळ्यांना पडवीत बोलावलं. “हनुमानभाऊ, टेप काढा.”

नुसती गाडी बसली साडेतीन.

प्रियांका सगळा पोशाख चढवून बसली. आठ. ऋतिक बसला. नऊला थोडं कमी.

“आता साईनाथ.”

“माझा गुडघा...”

“फक्त बसायचंय.”

तो बूट, हेल्मेट घालून बसला. हनुमाननं टेप वाचला. “दहा.”

शाम गोंधळला. “स्प्रिंग त्याचीच होती ना? मग दहा येणारच.”

“स्प्रिंग त्याची, पण रिंग? ती तर पूर्ण सोडावी लागते. प्रियांकाला पाडायचं असतं तर कशीही आवळून चाललं असतं. इथं कुणीतरी निवांत बसून दोन्ही आकडे जमवलेत. पाना असलेला माणूस छिन्नी वापरत नाही, म्हणून हनुमान नाही. ऋतिकनं स्वतःला जमवली असती तर त्याचे दहा आले असते. ही गाडी साईनाथनं स्वतःसाठी लावली होती. गुरुवारी घर रिकामं होतं. वर्षभर टांगलेलं हेल्मेट घालायचं तर आतलं मातीचं घर काढावंच लागलं.”

साईनाथनं हेल्मेट काढलं नाही. आतूनच प्रियांकाला म्हणाला.

“एकदाच उडवणार होतो. सगळी यायच्या आत परत बदलणार होतो. उडवून आलो, मऊ स्प्रिंग परत लावायला हातात घेतली नि बाबा पाव्हण्यांना घेऊन आले. फोटो दाखवत होते तुझा. म्हणाले, घरात शर्यतवाली ही एकच. मी तिथंच उभा होतो, गो. मग नाय बदलली.”

प्रियांकानं विचारलं, “मी पडेन, माहीत होतं?”

“होतं.”

साईनाथनं कणगीमागून मऊ स्प्रिंग काढून दिली. हनुमाननं ती बसवायला अर्धा तास घेतला. प्रियांका पुन्हा पोशाख चढवून गाडीवर बसली. हनुमाननं टेप उचलला.

“माझ्या दादाकडं द्या,” ती म्हणाली.

साईनाथ दुखरा गुडघा टेकून खाली बसला. चाकाच्या आसापासून मडगार्डावरच्या खुणेपर्यंत त्यानं टेप ताणला.

“दहा,” तो म्हणाला. “बरोबर दहा.”

प्रियांका समोरच बघत राहिली.

“हनुमानदादा, तुमी परत मोजा.”